नुसता पडलो

"काही नाही गं आत्या, नुसता पडलो."

काल संध्याकाळी चौदा वर्षांचा भाचा सायकल ढकलत, लंगडत आला. शर्टाची बाही कोपराला चिकटलेली. कोमट पाण्याने भिजवून हळूहळू सोडवली, तेव्हा कुठे त्याने ओठ दाबले. दवाखान्यात चल म्हटलं तर ऐकेना. आज पट्टी बांधून शाळेत गेलासुद्धा.

त्याचं ते "नुसता" डोक्यातून जात नाहीये.

जागतिक आरोग्य संघटनेची शालेय पाहणी २००३ पासून देशोदेशी होते. १३ ते १७ वर्षांच्या मुलांना विचारतात, गेल्या १२ महिन्यांत किती वेळा गंभीर दुखापत झाली? गंभीर म्हणजे पूर्ण दिवस बुडाला किंवा डॉक्टर-नर्सचे उपचार लागले. युरोप-कॅनडाच्या पाहणीत तर उपचार घेतलेलीच दुखापत धरतात.

म्हणजे आमचं कोपर कुठेच नाही. ते एक वेळ चालेल. पण जिथे दवाखानाच दहा मैलांवर, तिथल्या पोराचं काय? आणि प्रश्न विचारतात वर्गात. कोयता घेऊन आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली पोरं त्या वर्गात नसतातच. त्यांचं बोट कापलं तर ते कोण लिहून घेतं?

तुमच्या घरी शेवटचं कोण "नुसतं" पडलं होतं?