लाल लेंडीची वाट

काल मी चार तास एका उंदराच्या लेंडीची वाट पाहत बसले होते. सकाळी त्याला नळीने कारमाईन पाजलं होतं. हा लाल रंग आतड्यात शोषला जात नाही, तो लेंडीतूनच बाहेर पडतो. निरोगी उंदराची पहिली लाल लेंडी दोनेक तासांत दिसते. या उंदराला चागास रोगाची लागण होऊन सहा महिने झालेत. त्याच्या पिंजऱ्यात लाल काही दिसेना.

मी सध्या ब्राझीलमध्ये, रिबेरांव प्रेतोला असते. चागास आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. १९०९ साली कार्लोस चागास या डॉक्टरांनी इथल्याच मिनास जेराइस राज्यातल्या लासांसी गावी तो शोधला. कुडाच्या भेगांत राहणारा, ढेकणासारखा रक्त पिणारा एक किडा रात्री चावतो आणि त्याच्या विष्ठेतून ट्रिपॅनोसोमा क्रूझी हा परजीवी अंगात शिरतो. बहुतेकांना पुढे काहीच जाणवत नाही. काहींचं हृदय बिघडतं. काहींची मात्र वीस-तीस वर्षांनी अन्ननलिका किंवा मोठं आतडं सैल पडून फुगतं. इथल्या खेड्यांत या आजाराला पूर्वीपासून 'माल दे एंगास्गो' म्हणतात, म्हणजे घास अडकण्याचा रोग. आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंचे आजोबा प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घ्यायचे, तरी जेवायला तास लागायचा. हे सांगताना त्यांचा हात नकळत गळ्याकडे गेला होता.

याच शहरात फ्रिट्झ क्यॉबर्ले या ऑस्ट्रियातून आलेल्या विकृतिशास्त्रज्ञांनी मृत रुग्णांच्या आतड्यांतल्या चेतापेशी एकेक करून मोजल्या. आतड्याच्या स्नायूंना अन्न पुढे ढकलायला लावणाऱ्या या पेशी चागासच्या रुग्णांत फारच थोड्या उरलेल्या होत्या. त्यांचा नाश लागणीच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतो, असं त्यांचं मत होतं. पण मृत आतडं शेवटच सांगतं, मधली वर्षं नाही. त्यासाठी उंदीर.

तोही कुठलाही चालत नाही. उंदराची जात आणि परजीवीचा वाण यांची जोडी जमावी लागते. काही जोड्यांत उंदीर सुरुवातीलाच दगावतो, तर काहींत आतड्याला काहीच होत नाही. माणसासारखं फुगलेलं आतडं तर उंदरात सहसा दिसतच नाही. म्हणून आम्ही आकार सोडून वेग मोजतो.

लंडनच्या संशोधकांनी परजीवीत काजव्याचं प्रकाश देणारं विकर घातलं, तेव्हापासून जिवंत उंदराच्या आत पाहता येऊ लागलं. जुन्या लागणीत रक्त तपासलं तर जवळजवळ काही सापडत नाही, पण जठरात आणि मोठ्या आतड्यात ठिपके उजळतात. परजीवी तिथे टिकून असतो. म्हणजे नुकसान एकदाच होऊन संपलं, असं धरून चालता येत नाही. मग परजीवी मारला, तर पुढचं नुकसान थांबेलही. मला यातच सगळ्यात मोठी आशा वाटते.

चार तासांनी थांबायचं असतं. मी वहीत 'नाही' लिहिलं आणि उंदराला परत दाणापाणी दिलं. बाईंनी वही पाहून विचारलं, "आता औषध दिलं, तर उशीर झाला असेल का?"

पुढच्या सोमवारपासून उंदरांच्या या गटाला बेंझनिडाझोल हे परजीवी मारणारं औषध सुरू होतंय. त्यानंतर पुन्हा कारमाईन.