जुनी पिकअप कच्च्या वाटेसाठी तयार करताना: उंचीआधी चासी

गाडी २०१० ची. डबल कॅबची डिझेल फोर बाय फोर पिकअप, पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). ऐरोलीत खाडीच्या वाऱ्यावर वर्षानुवर्षं उघड्यावर उभी. खासगी नोंदणी असल्यामुळे २०२५ मध्ये पंधरा वर्षं भरत होती आणि पुनर्नोंदणीसाठी वाशीच्या आरटीओत न्यायची होती. त्यानंतर पावसाळ्यात कर्जत-मुरबाडकडच्या कच्च्या वाटांवर ती बिनघोर नेता यावी, एवढ्यासाठी हे काम काढलं.

अशी गाडी हातात आली की पहिला खर्च टायर आणि लिफ्ट किटवर, म्हणजे गाडी उंच करायच्या सामानावर होतो. मी क्रम उलटा धरला: चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा), पाटे, ब्रेक, फोर बाय फोर, आणि टायर सगळ्यात शेवटी. चासीत जे निघालं ते पाहता, पैसे आधी टायरमध्ये गेले असते तर हे काम झालंच नसतं.

चासी नीट बघायची तर हौदा उतरवावाच लागतो. त्याचे बोल्ट गंजून बसलेले असतात, म्हणून आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं. तरी दोन बोल्ट तुटले आणि ग्राइंडरने कापावे लागले. हौदा बाजूला झाल्यावर छोट्या हातोडीने चासी पुढून मागे ठोकत गेलो. शाबूत पत्रा टणटण वाजतो. सडलेल्या जागी आवाज बसका येतो आणि हातोडीखाली खपल्या सुटतात. तिथे जाड स्क्रू ड्रायव्हर जोर लावून टोचायचा. माझ्या गाडीत दोन जागा निघाल्या: मागच्या एक्सलवरची कमान, जिथे चाकाने उडवलेला चिखल साठून राहतो, आणि डाव्या शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं टोक धरणाऱ्या हलत्या कडीच्या, हँगरशेजारचा भाग. दुसऱ्या जागी स्क्रू ड्रायव्हर थेट आत गेला. कारण आतून कळलं. चासीच्या तळाची पाणी निघायची भोकं मातीने बुजली होती आणि खारी ओल आत कोंडून राहिली होती. बाहेरून तिथे काळा रंग अगदी ठीक दिसत होता.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडायची, इंजिनच्या कंप्युटरचा कनेक्टर काढायचा, आणि डिझेलचे व ब्रेकचे पाइप त्या जागेपासून दूर घ्यायचे. सडलेला पत्रा चकाकता धातू लागेपर्यंत कापला. गंजावर पट्टी मारली तर पट्टी टिकते आणि तिच्या कडेचा पत्रा सुटतो. मूळ पत्र्याची जाडी व्हर्नियरने मोजून तेवढ्याच जाडीचा तुकडा घेतला. दुप्पट जाडीचा टाकला तर तो भाग लवत नाही, सगळा ताण त्याच्या कडेवर येतो आणि तडा तिथून सुरू होतो. तुकड्याची टोकं उभी सरळ न कापता तिरपी कापली. चासीच्या वरच्या आणि खालच्या सपाट पट्टीवर आडवं वेल्डिंग कुठेही घेतलं नाही, कारण वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण त्या दोन पट्ट्यांवर असतो. काम सीओटू वेल्डिंगने केलं. जस्ताचं प्रायमर, दोन हात रंग, आणि रंग सुकल्यावर भोकांतून नळी घालून आत पातळ मेण. भोकं तारेने मोकळी केली. हे मेण दर पावसाळ्याआधी परत मारावं लागतं.

इथेच आरटीओचं एक काम उरकून घ्यायचं. चासी नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो आणि तपासणीत त्याचा पेन्सिल छाप घेतात. माझ्या गाडीवर तो गंजाच्या पापुद्र्याखाली अर्धा लपला होता. त्यावर ग्राइंडर चुकूनही लावू नये. आकडे झिजले तर नंबरशी छेडछाड केली असा संशय येतो. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवलं आणि सकाळी पितळी ब्रशने हलक्या हाताने घासलं. कागद ठेवून पेन्सिल फिरवल्यावर सगळे आकडे स्वच्छ उठले. त्या पट्टीवर रंग न देता फक्त ग्रीस लावलं.

कागदांचं थोडक्यात: नोंदणी संपण्याआधी साठ दिवसांपासून फॉर्म २५ भरता येतो, नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पक्कं केलं. बुल बारविरुद्ध (पुढे लावायचा लोखंडी गार्ड) केंद्राचं पत्र डिसेंबर २०१७ चं आहे. त्यामुळे लोखंडी बंपर आणि उंच लिफ्ट यांचा विचारच केला नाही. ते नसल्याने वाटेत कुठे अडलंही नाही.

मागचे पाटे बसले होते आणि उजव्या बाजूचा तिसरा पाटा मधोमध तुटला होता. कळंबोलीला ट्रकच्या वस्तीत पाटेवाले आहेत. तिथे दोन सल्ले मिळतात: जुने पाटे ठोकून कमान द्या, किंवा एक पाटा वाढवा. थंड ठोकून दिलेली कमान थोड्या महिन्यांत परत बसते. जादा पाट्याने माल वाहायला बरं पडतं, पण रिकाम्या हौद्याने खडकाळ वाटेवर मागचा एक्सल वाकडा व्हायलाच तयार नसतो आणि एक चाक हवेत उचललं जातं. म्हणून दोन्ही बाजूंचे पूर्ण नवे सेट घेतले, मूळ मोजमापाचे. मागून गाडी ३० मिमी उचलली गेली. ही फक्त बसलेली उंची परत मिळाली.

बसवताना दोन गोष्टी सांभाळायच्या. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवेच घ्यायचे, कारण जुन्यांचे आटे ताणले गेलेले असतात. आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. जॅकवर असताना आवळले तर रबरी बुश त्याच स्थितीत पकडले जातात, गाडी खाली आली की पिळले जातात आणि लवकर फाटतात. आधीचे बुश असेच फाटले होते. रबर एकाच बाजूला पिळून चिरलेलं होतं. यू बोल्ट ५०० किमीनंतर परत आवळले तेव्हा सगळे नट थोडे थोडे फिरले.

पुढे ड्रायव्हरची बाजू १५ मिमी खाली होती. चाक हवेत उचलून टॉर्शन बारचा बोल्ट आवळायचा, मग गाडी खाली घेऊन थोडी पुढे-मागे ढकलायची आणि त्यानंतरच हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. न ढकलता मोजलं तर आकडा खोटा येतो. दोन्ही बाजू सारख्या करून वर फक्त २० मिमी घेतले. जास्त आवळलं तर चाकाला खाली जायला वाव उरत नाही, एक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि बॉल जॉइंट टोकाला टेकतो. शेवटी व्हील अलाइनमेंट.

ब्रेकमध्ये एका भागाकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही: मागच्या एक्सलला दांड्याने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. हौदा खाली दबला की तो समजतो माल भरलाय, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. मागून गाडी उंच केली तर त्याला हौदा रिकामा वाटतो आणि मागचा ब्रेक मऊ पडतो. लिफ्ट केलेल्या पिकअपचे पुढचे पॅड लवकर संपतात त्याचं हे एक कारण असू शकतं. माझ्या गाडीत दांडा गंजून अडकला होता. तो मोकळा केला, चौघांना हौद्यात उभं करून हलतोय याची खात्री केली, आणि सगळं ब्रेक ऑइल बदलून एअर काढली. ब्रेकचे होजही बदलले. एक्सल पूर्ण लटकत असताना होज ताणला जातो का, हे बघूनच पक्के केले.

फोर बाय फोर गुंतत नव्हतं. ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मोटर शाबूत निघाली. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढला होता. कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश, सिलिकॉन ग्रीस. मोटर बदलण्याआधी एवढं करून बघावं. तपासणी ओल्या मातीवरच करायची. डांबरावर फोर बाय फोर लावून वळलं की पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाचा फरक मुरायला जागा मिळत नाही आणि ताण गिअरवर जातो.

डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधली गिअरची पेटी) ऑइल काढताना भरायचा बोल्ट आधी उघडायचा. तोच निघाला नाही आणि खालचा काढून बसलो, तर गाडी जागीच अडकते. मागचं ऑइल दुधी निघालं, म्हणजे आत पाणी. तापलेला डिफरन्शियल ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं तोंड, चिखलाने बुजला असेल तर पाणी सीलमधून ओढलं जातं. सील बदलली, ८० डब्ल्यू-९० जीएल-५ ऑइल भरलं, आणि दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स व ट्रान्सफर केसच्या ब्रीदरला ८ मिमीची डिझेल होज लावून बॉनेटखाली वरपर्यंत आणली. या सगळ्या कामात सर्वांत कमी खर्च यालाच आला.

टायर शेवटी घेतले. २३५/७० आर १६ चा व्यास ७३५ मिमी, २४५/७५ आर १६ चा ७७४. म्हणजे गाडी खालून उचलली जाते फक्त १९ मिमी, आणि काटा ६० दाखवत असताना खरा वेग ६३ असतो. एवढ्यासाठी मडगार्डला घासणं आणि कागदांची कटकट नको. मूळ मापातलेच ऑल टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घेतले. रस्त्यावर ३५ पीएसआय. चिखलात २० वर आणले की टायर पसरतो आणि पकड लगेच जाणवते. १५ च्या खाली गेलं तर वळणावर टायर रिमवरून उतरू शकतो. डांबरावर येण्याआधी हवा भरायची, म्हणून बॅटरीला थेट लावायचा कंप्रेसर सोबत असतो.

पहिल्या पावसात गुडघाभर पाण्याचे दोन ओढे ओलांडून आल्यावर मागचे ब्रेक ड्रम उघडले. शू आणि ड्रमच्या मध्ये रेतीचा लगदा बसला होता. तसाच राहिला असता तर लायनर खाऊन गेला असता. धुऊन बसवले, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये चारही टोपणांतून नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत ग्रीस भरलं, आणि मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट उघडून बोट बुडवून बघितलं. ऑइल स्वच्छ होतं. केबिनखालचे रबर अजून बदलायचे आहेत. पुढचे दोन चेपले आहेत, ते दिवाळीनंतर.