वाईला उतरावे

पुण्याहून महाबळेश्वरला जाणाऱ्या माणसाच्या लेखी वाई म्हणजे पसरणीचा घाट लागण्यापूर्वीचे चहाचे शेवटचे ठिकाण. मीही अनेक वर्षे तसेच मानत आले होते. सुरूर फाट्याला हमरस्ता सोडायचा, जुन्या वडांच्या सावलीतून वाईत यायचे, चहा घ्यायचा, घाटात मळमळू नये म्हणून आवळासुपारी तोंडात टाकायची आणि खिडकीतून एखादा कळस दिसलाच तर हात जोडून पुढे निघायचे, एवढीच माझी वाई होती. गेल्या वर्षी फाल्गुनाच्या सुरुवातीला वडिलांना थोड्या हवापालटासाठी बाहेर न्यायचे ठरले, तेव्हा मी सवयीने महाबळेश्वरची चौकशी करू लागले. वडील म्हणाले, "तिथे जाऊन मी काय करू? पॉइंट बघत फिरायला गुडघे कुठे आहेत? आपण वाईलाच उतरू."

वडिलांच्या या हट्टामागे एक जुने कारण होते. त्यांची सारी नोकरी माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्यात गेली, आणि मराठी विश्वकोशाचा १९७६ साली निघालेला पहिला खंड त्यांनी पगारातून पैसे बाजूला काढून घेतला होता. पुढचे खंडही असेच एकेक करून घरी आले. ज्या गावात हे सगळे खंड तयार झाले ते गाव त्यांनी कधी उतरून पाहिले नव्हते. आम्ही तीन दिवस राहिलो, आणि वडिलांच्या गुडघ्यांमुळे सगळे गाव त्यांच्या चालीने पाहिले. वाई पाहण्याची योग्य चालही तीच असावी, असे आता वाटते.

गावाची रचना समजायला सोपी आहे, कारण सगळे काही कृष्णेच्या आधाराने वसलेले आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी डोंगरांच्या दोन रांगांमधून खाली उतरते आणि वाईपाशी येईपर्यंत बरीच शांत होते. तिच्या काठाने गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्या आणि त्यांचे घाट आहेत. सकाळी सहा ते नऊ या वेळात घाटाघाटाने रमतगमत चालत जावे. त्या वेळी नदीवर धुके असते, देवळांतून घंटा वाजत असतात, आणि चित्रीकरणासाठी येणाऱ्या मंडळींच्या गाड्या अजून लागलेल्या नसतात. वाईचे घाट हिंदी आणि मराठी चित्रपटांत इतक्या वेळा दिसले आहेत की, प्रथमच येणाऱ्यालाही हे आपण कुठेतरी पाहिले आहे असे वाटत राहते.

घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ सर्वांना माहीत असते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ साली बांधले. मूर्ती एकसंध दगडाची असून तिच्या अवाढव्य आकारामुळेच देवाला हे लाडाचे नाव पडले. लोक पुढून दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि निघून जातात. माझे सांगणे असे की, दर्शन झाल्यावर देवळाच्या मागच्या बाजूला जावे. एरवी देवळाची मागची भिंत सपाट असते; इथे ती दोन्ही अंगांनी निमुळती होत मध्ये धारेसारखी जुळली आहे. या रचनेला मत्स्याकार म्हणतात. देऊळ नदीला इतके लगटून आहे की, पावसाळ्यात पाणी त्याला वेढणार हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. त्यामुळे वरून येणारा लोंढा भिंतीवर आदळण्याऐवजी या धारेवर दुभंगावा आणि दोन्ही बाजूंनी निघून जावा, अशी योजना त्याने केली. वडील त्या दगडी धारेवरून तळहात फिरवत बराच वेळ उभे होते. "अडीचशे वर्षे पुराला वाट करून देतो आहे," एवढेच ते म्हणाले. भिंतीवर मागच्या पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती.

जवळच काशी विश्वेश्वराचे देऊळ आहे. ते १७५७ सालचे, आनंदराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेले. प्राकार, दीपमाळा आणि काळ्या दगडाचा गुळगुळीत नंदी या तिन्हींमुळे हे देऊळ मला गणपतीपेक्षाही अधिक आवडले, पण हा आवडीचा भाग झाला. गावातले महालक्ष्मीचे देऊळही रास्त्यांचेच, १७७८ सालचे. एका घराण्याने एका गावासाठी इतके केलेले पाहिले की हे रास्ते कोण, असा प्रश्न पडतोच. पेशव्यांचे ते सावकार आणि सरदार. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. वाईचे अठराव्या शतकातले वैभव या सोयरिकीच्या आधाराने उभे राहिले, असे म्हणायला हरकत नाही.

दुपारी गंगापुरीत गेलो. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा याच गावातली. तरुण विनोबा संस्कृत शिकायला इथे येऊन राहिले होते, आणि धुळ्याकडचे लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच घडून तर्कतीर्थ झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर सर्व विषयांचा ज्ञानकोश मराठीतून काढायचे ठरले आणि त्याची धुरा तर्कतीर्थांकडे आली, तेव्हा त्यांनी मुंबई-पुण्याला न जाता हे काम वाईतच मांडले. अणुभौतिकीपासून अळंब्यांपर्यंतच्या नोंदी नदीकाठच्या एका लहान गावात बसून लिहिल्या, तपासल्या आणि संपादित केल्या गेल्या. आम्ही पोहोचलो तो रविवार होता आणि कार्यालयाला कुलूप होते. वार पाहून निघावे एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, याबद्दल मी स्वतःवर चिडले. वडील मात्र मुळीच चिडले नाहीत. त्यांनी फाटकावरची पाटी सावकाश वाचली, तिच्याखाली उभे राहून माझ्याकडून एक छायाचित्र काढून घेतले आणि "चला, पत्ता खरा आहे," असे म्हणून वळले.

संध्याकाळी घाटावर मांडव दिसला आणि कृष्णाबाईचा उत्सव चालू असल्याचे कळले. नदीला इथे कृष्णाबाई म्हणतात, नुसते कृष्णा नव्हे. माघ-फाल्गुनात एकेका घाटावर पाळीपाळीने देवीची मूर्ती आणतात. त्या त्या आळीचे लोक मांडव घालतात, पूजा, कीर्तन आणि प्रसाद करतात, आणि मग देवी पुढच्या घाटाकडे जाते. अफझलखान हा वाईचा सुभेदार होता आणि १६५९ साली प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी त्याचा तळ इथे पडला होता. ते संकट टळावे म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि तो फेडण्यासाठी उत्सव सुरू झाला, असे वाईकर सांगतात. आम्हाला प्रसादाच्या पंक्तीला बसवण्यात आले. वाढणाऱ्या बाईंनी वडिलांना खाली बसता येत नाही हे पाहून न सांगता खुर्ची आणून दिली आणि "काका, आमटी गरम आहे, सावकाश," म्हणून पुढे गेल्या.

दुसरा दिवस मेणवलीचा. वाईहून जेमतेम तीन किलोमीटरवर नाना फडणविसांचा वाडा आहे. आम्ही ऐन दुपारी एकला पोहोचलो आणि राखणदार जेवायला गेलेले असल्यामुळे पाऊण तास ओट्यावर बसून राहिलो; तेव्हा सकाळी लवकर किंवा तीननंतर जावे. वाडा चौकांचा आहे. एका चौकातून दुसऱ्यात गेले की उजेड बदलतो, सागवानी खांबांची रांग पुन्हा सुरू होते, आणि भिंतींवर जागोजागी जुनी रंगीत चित्रे दिसतात. काही ठसठशीत, तर काही ओल लागून निम्मी पुसलेली. पेशवाईच्या इतिहासाचा एक मोठा आधार असलेले मेणवली दफ्तर म्हणजे नानांनी जपून ठेवलेली कागदपत्रे. इतका सावध, कागद न कागद राखणारा माणूस कसा राहत असेल, हे त्या वाड्याच्या अरुंद जिन्यांवरून आणि जाड भिंतींवरून थोडेफार समजते.

वाड्यामागून पायऱ्या उतरल्या की घाट लागतो. तिथे मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ आहे, आणि बाजूला एका लहान दगडी घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. ही घंटा देवळासाठी ओतलेली नव्हे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चांमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आणि भीमाशंकरची घंटा याच कुळातल्या. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. जवळ जाऊन, उन्हाकडे पाठ करून पाहिले की कडेवर बाळ घेतलेल्या मेरीची आकृती दिसते. माझ्या शेजारी आलेल्या एका आजींनी त्या आकृतीला हळदकुंकू वाहिले आणि मला विचारले, "यशोदा ना गं ही?" मी "हो" म्हणाले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले, पण काही बोलले नाहीत.

भटकंतीची हौस आणि चांगले गुडघे असणाऱ्यांसाठी आजूबाजूला बरेच काही आहे. पांडवगड आणि वैराटगड गावातूनच दिसतात. केंजळगड थोडा आत आहे. यांत निवड करायची तर मी कमळगडाचे नाव घेईन, कारण त्याच्या माथ्यावर गेरूची विहीर आहे. जमिनीच्या भेगेतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना लालभडक माती असा तो प्रकार आहे. कॉलेजात असताना मी ती पाहिली, तेव्हा अंगावरचे पांढरे कपडे पुन्हा पांढरे झाले नाहीत. साताऱ्याच्या बाजूला लिंब गावची बारा मोटेची विहीर आहे. थोरल्या शाहू महाराजांच्या काळातली ही अष्टकोनी विहीर पाण्यावर बांधलेला वाडाच वाटावी अशी आहे. वर पाचगणीच्या रस्त्याला भिलार हे पुस्तकांचे गाव आहे, पण तिकडे गेलात तर स्ट्रॉबेरीच्या नादात दिवस जाईल आणि वाई पुन्हा राहून जाईल.

रंगपंचमीच्या सुमारास येणार असाल तर बावधनचे बगाड जरूर पाहावे. भैरवनाथाच्या यात्रेत कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनपर्यंत दगडी चाकांचा लाकडी गाडा बैलांच्या अनेक जोड्या लावून ओढत नेतात, आणि त्याच्या उंच शिडाला ज्याचा कौल लागला तो बगाड्या टांगलेला असतो. मी ते एकदाच पाहिले आहे. गर्दी आणि धूळ भयंकर असते, आणि लहान मुले बरोबर असतील तर लांबूनच पाहावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

त्याच दिवसांत आसपासच्या शिवारात हळद निघालेली असते. खणलेले गड्डे कढईत शिजवतात, मग खळ्यावर पसरून वाळवतात आणि शेवटी ढोलात घालून घासून त्यांना चकाकी आणतात. रस्त्याने जाताना ओल्या मातीचा आणि शिजणाऱ्या हळदीचा मिसळलेला वास येतो. आम्ही बाजारातून दोन किलो हळकुंडे घेतली. तयार पूड घेऊ नये; हळकुंडे घ्यावीत आणि घरी आल्यावर गिरणीतून दळून आणावीत. गिरणीवाला कुरकुर करतो, कारण नंतरचे पीठ पिवळे होते, पण ऐकतो.

राहण्यासाठी गावात साधी लॉज आहेत आणि धोम धरणाच्या बाजूला शेतांमधली महागडी ठिकाणेही. आम्ही गावातच राहिलो. खोलीत गरम पाणी येते असे सांगितले होते. ते आले, पण बादलीतून आणि सकाळी साडेसहापूर्वी मागितले तरच. तरीही घाटावर पायी जाता यावे यासाठी मी पुन्हा गावातच राहीन. शनिवार-रविवारी, विशेषतः मे महिन्यात आणि नाताळात, महाबळेश्वरची सगळी वाहने याच रस्त्याने जातात. मधले वार निवडावेत आणि विश्वकोशाचे कार्यालय उघडे मिळेल याचीही काळजी घ्यावी.

तिसऱ्या दिवशी परतण्यापूर्वी धोमला गेलो. धौम्य ऋषींच्या नावावरून हे नाव पडले असे मानतात. नदीकाठी तटबंदीच्या आवारात महादेवाचे आणि उंच चौथऱ्यावर नृसिंहाचे देऊळ आहे. महादेवासमोर कमळाच्या आकाराचे दगडी कुंड कोरले असून त्यात मध्यभागी एक भले मोठे कासव आहे, आणि त्या कासवाच्या पाठीवर छत्रीखाली नंदी बसला आहे. आम्ही गेलो तेव्हा कुंड कोरडे होते. पाकळ्यांच्या खाचांत वाळकी पाने साठली होती आणि कासव उघड्या दगडावर मान पुढे काढून बसले होते. आम्ही बघतो आहोत हे पाहून गुरुजी म्हणाले, "काका, हे पाणी असताना बघायचं. आत्ता बघून उपयोग नाही."

एवढ्यासाठी आम्ही भाद्रपदात पुन्हा गेलो. या वेळी सकाळच्या एसटीने थेट वाई आणि तिथून रिक्षाने धोम. कुंड काठोकाठ भरले होते. पाण्याने कासवाचे पाय झाकले होते, पाकळ्यांची फक्त टोके वर दिसत होती, आणि वाऱ्याने पाणी हलले की कासव नंदीला घेऊन हळूहळू पुढे निघाल्यासारखे वाटत होते. वडील कठड्यावर टेकले आणि त्यांनी काठी बाजूला ठेवली. रिक्षावाल्याला मी अर्ध्या तासात येते म्हणून सांगितले होते. दीड तासाने तोही आत येऊन आमच्या शेजारी बसला.