तुम्ही विचारलंत म्हणून: स्किड प्लेट स्टीलची की ॲल्युमिनियमची?

फोर बाय फोरच्या पोटाखाली स्किड प्लेट, म्हणजे खालचे भाग दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा, लावायचीय, स्टीलची घेऊ का ॲल्युमिनियमची, हे मला सारखं कुणीतरी विचारतं. मी आधी उलट विचारतो, तुमच्या गाडीला दगड कधीतरी लागणारे का गाडी दगडावर टेकून घासत जाणारे? कारण सगळं तिथेच ठरतं.

३ मिमी स्टीलचा पत्रा चौरस मीटरला साधारण २३.५ किलो भरतो आणि ६ मिमी ॲल्युमिनियम १६ च्या आसपास, म्हणजे दुप्पट जाड असून हलकं, शिवाय वाकायला अडीच पटीहून जास्त ताठ, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. लांबचा प्रवास, कच्चा रस्ता, मधेच एखादा दगड असं असेल तर मी सरळ ॲल्युमिनियमच सांगतो.

पण गाडी खडकावर टेकली आणि तशीच पुढे ओढायची वेळ आली की ॲल्युमिनियम खडकाला धरून बसतं. माझी जुनी प्लेट खोलली तेव्हा तिच्यावर नख अडकेल असे लांब चर होते आणि प्रत्येक चराच्या टोकाला खरवडलेला धातू गोळा होऊन चिकटला होता. स्टील अशा जागी घसरून निघतं. त्यामुळे नेहमी खडकातच जाणाऱ्यांनी वजन सोसावं आणि ४-५ मिमी स्टील घ्यावं. सगळ्यात छान घसरतं ते जाड पॉलिथिलीन, पण ते १३०-१३५ डिग्रीला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, म्हणून सायलेन्सरच्या पाइपाजवळ नकोच.

आणि कळकळीने सांगतो, प्लेट चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) आणि क्रॉस मेंबरला (सांगाड्याच्या आडव्या दांड्याला) बसवा, इंजिनला किंवा गिअरबॉक्सला नाही, आणि प्लेट नि चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) यांच्यामधे जागा सोडा, नाहीतर प्लेट वर दबली की मार थेट चेंबरलाच बसतो. ॲल्युमिनियमला स्टीलचे बोल्ट लावणार असाल तर अँटी सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावाच, चिखलपाण्यात दोन धातू एकत्र आले की गंज तिथूनच सुरू होतो.

बोल्टची डोकी प्लेटच्या आत बुडलेली हवीत. माझी बाहेर होती, दगडांनी घासून गोल झाली, पाना धरेना, आणि साधं ऑइल बदलायला चारही बोल्ट ग्राइंडरने कापावे लागले.