चारशे डुकरं

कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत ऐकणाऱ्यांत गायक-गीतकार टॉम टी. हॉलचा विषय निघाला की त्यानं लिहिलेलं 'हार्पर व्हॅली पीटीए' हे गाणं ठरलेलं. मला मात्र भांडी घासताना त्याचं भलतंच गाणं आठवतं: 'हूज गॉना फीड देम हॉग्ज'. डुकरांना खायला कोण घालणार?

हॉल अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या ऑलिव्ह हिलचा. १९७१ च्या 'इन सर्च ऑफ अ साँग' या अल्बमसाठी तो खरोखरच गाणी शोधत तिथल्या आडरस्त्यांनी हिंडला. अल्बममधलं पहिलं गाणं कंट्रीच्या यादीत अव्वल ठरलं; त्याच्या पाठचं हे डुकरांचं गाणं मागेच राहिलं.

गोष्ट एवढीशी. इस्पितळात भेटलेला एक शेतकरी. औषधांच्या गुंगीत एकच घोकत असतो: मी इथं पडलोय, तिकडं चारशे डुकरं ताटकळत उभी आहेत. बायकोला जमत नाही, शेजाऱ्यांना पडलेली नाही. शिकारी कुत्री निदान मोकळी हिंडून पोट तरी भरतात! डॉक्टर सांगतात, वाचशील याची खात्री नाही. तो ऐकतोय कुठं?

आमचे काका ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं होतं, "मोटर बंद केली का?" त्यामुळे हा माणूस मला अजिबात परका वाटत नाही.

मग येतो हिशेब. चारशे डुकरं म्हणजे आठशे हॅम (मागच्या मांड्यांचं मांस), पाय सोळाशे. बाजार तेजीत आहे, गिऱ्हाईक थांबलंय. हॉल हे सगळं सरळ चेहऱ्यानं, वाण्याकडची यादी वाचावी तसं गातो. दुसऱ्या कुणी इथं गळा काढला असता. हसावं की नाही ते तो आपल्यावर सोडतो.

माणूस वाचतो. कशानं, ते डॉक्टरांनाही कळत नाही. थोड्याच दिवसांत तो ओव्हरऑल चढवून चालता होतो. हा माणूस आपल्या लक्षात का राहिला, ते हॉललाही सांगता येत नाही. तसं तो सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

माझं अडतं ते बायकोपाशी. तिला जमत नाही, हे म्हणतो कोण, तर तोच, तेही गुंगीत. मग इतके दिवस त्या चारशे तोंडांना घातलं कुणी? गाणं तिला विचारतच नाही. तो घरी पोचला तेव्हा ती कुंपणाशी रिकामी बादली घेऊन उभी असणार, असं मला आपलं वाटतं.