तिकीट पिंपळनेरपर्यंतचं

2018 च्या जून महिन्यात आमच्या धुळे-नंदुरबार भागात आईबाप पोरांना दारातसुद्धा खेळू देत नव्हते. पोरं पळवणारी टोळी आलीय, किडन्या काढून विकतात, असे मेसेज ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यातून पोर उचलून नेतात, तो व्हिडिओ मी स्वतः दहाएक जणांना पाठवला होता. तो कराचीत लोकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता आणि शेवटी ते पोराला परत आणून सोडतात तेवढा तुकडा कुणीतरी कापलेला होता, हे मला फार नंतर कळलं. हे आधीच सांगतो, कारण त्या दिवशी गाडीत माझं मन कुठल्या बाजूला होतं ते यावरून समजेल.

मी एसटीत कंडक्टर. गाडी धुळे-पिंपळनेर, दुपारची फेरी. स्टेअरिंगवर आप्पा. 22 वर्षांची सर्व्हिस, एकही अपघात नाही. शिकलेले जेमतेम, बोलणं त्याहून कमी. मला 'मास्तर' म्हणायचे.

साक्रीला एक जोडपं चढलं. माणसाच्या डोक्याला भगवं फडकं, खांद्याला झोळी. बाईच्या कडेवर दीडेक वर्षाचं पोर, तापाने मलूल. दोन फुल, पिंपळनेर. मी तिकिटं फाडून दिली. दोन गावं मागे पडली नाहीत तोच मागच्या बाकावरच्या एकाने हळूच सुरुवात केली. पोर उजळ आहे, बाई सावळी. पोर रडत कसं नाही? गुंगीचं औषध दिलं असेल. मग तो एकदम ओरडला, "मास्तर, यांनी पोराचं तिकीटच काढलं नाही!"

पाच वर्षांच्या आतल्या लेकराला एसटीत तिकीट लागत नाही. हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण तीच माणसं आपली पोरं मांडीवर घेऊन अशीच फुकट नेतात. तरी त्या क्षणी सगळ्यांना तो पुरावा वाटला. मलाही वाटला, आणि याची मला आजही लाज वाटते.

कुणीतरी फोटो काढून पुढे पाठवला असणार. पुढच्या फाट्यावर रस्त्यात दगड मांडलेले, साठ-सत्तर माणसं उभी. हातात काठ्या, दांडकी. "त्यास्ले खाले उतारा!" एवढंच सगळे ओरडत होते.

आप्पांनी गाडी थांबवली, चावी काढून खिशात टाकली. मागे वळून म्हणाले, "मास्तर, आतून कडी लावा. मी सांगेपर्यंत काढायची नाही." मग स्वतःच्या बाजूच्या दाराने खाली उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि प्रवाशांच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

मी 100 नंबर फिरवला. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. आधी लोक नरमाईने म्हणाले, आम्हाला नुसती चौकशी करायचीय. आप्पा म्हणाले, "पोलीस येऊ द्या, ते करतील." मग म्हणाले, तुझा काय संबंध? त्यावर आप्पांनी जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "त्यांच्याकडे पिंपळनेरचं तिकीट आहे. तिकीट जिथवरचं, तिथवर ही माणसं माझी."

आत वेगळीच घालमेल. काच फुटली तशी माणसं बाकांखाली वाकली. "उतरवा ना त्यांना, आम्हाला कशाला मारता?" असं मला चारी बाजूंनी सुरू झालं. माझा हात कडीवर गेला. ती बाई माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल मी तिकीट तपासायला आलोय. तिने मूठ उघडली. घामाने भिजून कागदाचा लगदा झालेला. तो ती माझ्यासमोर धरून राहिली, एक शब्द न बोलता.

मी हात मागे घेतला.

एक दगड आप्पांच्या डाव्या डोळ्यावर बसला. ते खाली कोसळले नाहीत. पायरीवर बसले आणि पाठ दाराला तशीच टेकलेली ठेवली. तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या एका आजीने खिडकीतून डोकं काढलं आणि गर्दीतल्या एका पोराला ओळखून हाक मारली, "ए भाऊ, तुनी माय माले वळखस. दगड खाले टाक!" त्याने टाकला. त्याच्या आजूबाजूचे चारपाच जण मागे सरले. तेवढ्याने गर्दी पांगली नाही, पण दाराकडे यायची थांबली. पोलीस आले तोवर पाऊण तास झाला होता.

ती माणसं भिक्षेकरी निघाली. पोर त्यांचंच, आजारी. ती पोलिसांच्या गाडीतून गेली, तो लगदा माझ्या हातात राहिला.

आप्पांचा डोळा गेला. डोळ्याबरोबर स्टेअरिंगही गेलं. महामंडळाने पर्यायी काम दिलं, पण 22 वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला गेटवर बसून दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघाव्या लागल्या. गावातले लोक त्यांच्या तोंडावर म्हणत, कोण कुठले भिकारी, त्यांच्यापायी डोळा घालवला. आप्पा उत्तर देत नसत. मला मात्र राग आवरत नसे. असं म्हणणाऱ्यांतल्या कितीजणांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला होता, हे मी मोजू शकलो असतो. मीही त्यांच्यातलाच होतो.

2 जुलैला मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेलो. डोक्याला पट्टी, उजव्या डोळ्यालाही वाचायची मनाई. म्हणाले, पेपर वाचून दाखवा. पहिल्याच पानावर आमच्याच साक्री तालुक्यातलं राईनपाडा होतं. आदल्या दिवशी रविवारी, भर बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत जमावाने ठेचून मारलं होतं. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली माणसं. बातमीत होतं, ते एसटीतून उतरले होते.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "गाडी कुठल्या डेपोची, लिहिलंय का?"

मी म्हटलं, नाही.

"त्यांचं तिकीट तिथवरचंच असणार," ते म्हणाले आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.