तर्री नको म्हणाला तेव्हा

रविवारी आमच्याकडे तर्री-पोहे असतात आणि पोराला तर्री दोनदा वाढावी लागते. दिवाळीनंतर तो कोरडेच पोहे खायला लागला. "तोंड आलंय," म्हणे. मी बी-कॉम्प्लेक्स दिलं. पंधरा वर्षांच्या पोराचं तोंड महिनाभर येत नसतं, हे तेव्हा सुचलंच नाही.

मग पॅन्ट धुवायला टाकताना खिशातून चुरगळलेली पन्नी निघाली, आत सुपारीचा चुरा. नागपूरकराला ही पन्नी ओळखायला शिकवावं लागत नाही. खर्रा! सुपारी, तंबाखू नि चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत देतात तो. माझा नवरा वीस वर्षांपासून खातोय.

त्या रात्री मी घर डोक्यावर घेतलं, मोबाइल काढून घेतला, दप्तर उलटं केलं. पोरगा एवढंच म्हणाला, "बाबांचा आणायला ठेल्यावर मलाच पाठवत होतीस ना?" 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, हे ठेलेवाल्याला सुनवायला मी चप्पल घालून निघालेही होते. दारातूनच परत आले.

दोन दिवसांनी तंबाखूच्या पुडीवर छापलेल्या, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनच्या 1800-11-2356 वर फोन केला. तिथल्या बाईंनी आधी माझंच ऐकून घेतलं, मग विचारलं, "तो कधी खातो, कोणासोबत?" मला माहीत नव्हतं. हे त्यालाच विचारायचं, पण राग शांत झाल्यावर. दुचाकीवर मागे बसून तो बोलला (समोरासमोर नजर नसली की पोरं बरी बोलतात). ट्यूशन सुटल्यावर चौघांत एक पन्नी.

मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या दंत महाविद्यालयात नेलं. डॉक्टरांनी त्याची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. अडीचच गेली. गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठर झाली होती. मी म्हटलं, तंबाखूमुळे ना? ते म्हणाले, "हे काम मुख्यतः सुपारीचं. नुसती गोड सुपारी खाल्ली तरी होतं." इतकी वर्षं मुखवास म्हणून मीच ती डब्यात भरून ठेवत होते! सुपारी आता सुटली तर आजार पुढे जायचा थांबू शकतो, पण तोंड पहिल्यासारखं उघडेल याची खात्री नाही, हेही त्यांनी पोराला स्पष्ट सांगितलं. गोळ्या दिल्या, आणि आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून रोज करायचा व्यायाम.

पहिले तीन-चार दिवस वाईट गेले. चिडचिड, झोप नाही, बहिणीशी भांडण. मी भाजलेली बडीशेप खिशात देत होते, तो ती मित्रांना वाटत होता.

नवऱ्याने एक शब्द काढला नव्हता. एका संध्याकाळी पोरगा आरशासमोर काड्या मोजत होता, तर हा मागे जाऊन उभा राहिला आणि स्वतःची बोटं तोंडात घालून बघितली. दोन गेली. मंगळवारची ओपीडी किती वाजता सुरू होते, ते त्याने पोरालाच विचारलं.